माळवदाच्या घराला काचेची खोली जोडताना

मराठवाड्यातल्या आमच्या बिडकीनच्या घरात माजघराच्या छताला एक साणं आहे. वीतभर रुंद, दीड वीत लांब. सकाळी उन्हाचा कवडसा त्यातून आत शिरतो, पश्चिमेच्या भिंतीवरून हळूहळू जमिनीवर उतरतो आणि दुपारपर्यंत जात्यापाशी येतो. आजीचं घड्याळ तेच होतं. कवडसा जात्याला टेकला की शेतावर भाकरी न्यायची वेळ झाली.

काही वर्षांपूर्वी पावसाचं पाणी आत येतं म्हणून मी त्या साण्यावर काच बसवून घेतली. चारही बाजूंनी सिमेंट, एकदम पक्कं काम. त्या मे महिन्यात माजघरात दुपारी पाठ टेकवणं नकोसं झालं. जी खोली अख्ख्या घरात सगळ्यांत गार, तीच उबायला लागली, कारण वर चढलेली गरम हवा जायची कुठे? आणि ज्या पावसासाठी हा खटाटोप केला, त्याच्या पहिल्याच सरीत पाणी आत आलं. काचेतून नव्हे, काचेच्या कडेने. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सिमेंटच्या कडेत नख घातलं, भेग दाखवली आणि म्हणाले, "भाऊ, माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. सिमेंट जागचं हलत नाही. या दोघांचं नांदणं व्हायचं नाही."

मग सिमेंट काढलं. साण्याभोवती चुन्याचा उंचवटा केला, त्यावर वीतभर उंचीच्या चार लोखंडी पायांवर काच ठेवली, कडा चारही बाजूंनी बाहेर काढल्या आणि मधल्या फटीला उंदीर-पाखरं येऊ नयेत म्हणून बारीक जाळी मारली. उजेड काचेतून येतो, हवा फटीतून जाते. तेव्हापासून तक्रार नाही. हा लेख लिहिताना जुन्या घराला काच लावण्याबद्दल जे मला सांगायचं आहे, ते बहुतेक सगळं त्या दीड वितीच्या साण्याने शिकवलेलं आहे.

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्राचं, म्हणजे ७,८५५ एकरांच्या पसाऱ्याचं, २९ सप्टेंबर २०२४ रोजी लोकार्पण झालं. त्याच्या कितीतरी आधी जमिनी गेल्या, मोबदला आला आणि पैठण रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांधकामं उठली. हातात पैसा आला की आपल्याकडे पहिला घाव जुन्या घरावर पडतो. ढेलज पाडून शटर, माळवद पाडून स्लॅब. पण अलीकडे काही घरांतली तरुण मंडळी वेगळा प्रश्न घेऊन येतात. मोबाईलवर परदेशातल्या काचेच्या खोल्यांचे फोटो दाखवतात आणि विचारतात, पुढचं घर असंच ठेवून मागे परसात असं काही करता येईल का?

करता येईल, आणि पाडण्यापेक्षा ते शंभर पटीने चांगलं. फक्त दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा. काच जुन्या घराला चिकटवायची नाही, तिच्या पायांवर तिला शेजारी उभी करायची. आणि काच भिंतीत घ्यायची, डोक्यावर नाही.

डोक्यावर का नको, ते आधी. त्या फोटोंतली घरं बहुतेक थंड मुलखातली असतात. तिथे सूर्य कधी डोक्यावर येतच नाही, लोक उन्हाला आसुसलेले असतात, आणि काचेचं छप्पर म्हणजे ऊन साठवायची पेटी. बिडकीन साधारण १९.७ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच पडते. जुलैत निदान ढग असतात. मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना ते ऊन सरळ काचेच्या छतातून पलंगावर पडणार. त्याला कितीही टन एसी लावा, वीज मंडळाचं भलं होईल, तुमचं नाही. छप्पर म्हणून वरती उष्णतारोधक थर दिलेला पत्रा, स्लॅब किंवा लाकडावर कौलं, काहीही चालेल. उजेडाची फारच हौस असेल तर साण्याएवढी एखादी खिडकी वर ठेवा. कोकणात कौलारू छपरात एखादंच काचेचं कौल घालतात, ते उगाच नव्हे. एका कौलाने स्वयंपाकघर उजळतं. दहा घातली असती तर भट्टी झाली असती.

काच म्हणजे आपल्याला परकी वस्तू, अशातलाही भाग नाही. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच पुसून पुसून आपल्या आज्या-पणज्यांची बोटं काळी झाली. वाड्यांच्या खिडक्यांना रंगीत तावदानं होती. जुन्या माणसांनी काच वापरली, पण हात राखून.

आता दिशा. परसाची उत्तरेची बाजू मोकळी असेल तर डोळे झाकून तिकडे काच घ्या. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, वाचायला, शिवणकामाला, मुलांच्या अभ्यासाला त्याच्यासारखा उजेड नाही. पूर्वही चांगली, सकाळचं ऊन आत येऊन अकरापर्यंत निघून जातं. दक्षिणेला लोक घाबरतात, पण हिशेब नीट केला तर ती बाजूही वश होते. डिसेंबरात दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, तर मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ७० अंशांच्या वर. सात फूट उंच काचेच्या डोक्यावर लगेच तीन फुटांचा छज्जा काढला तर उन्हाळ्यात दुपारभर काचेवर सावली राहते, आणि थंडीत खालच्या जवळजवळ चार फुटांतून कोवळं ऊन आत येतं. थंडीत आजोबांच्या पायांवर ऊन, मेमध्ये नाही. तीन फुटांचा छज्जा एवढं काम करतो.

राहिली पश्चिम. तिथे काच घेऊच नका. दुपारी चारचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. जागाच तेवढी असेल तर काचेच्या बाहेरून बांबूचा चिक किंवा वाळ्याचा पडदा सोडा, किंवा चार फुटांवर वेल चढवा. आतून लावलेला पडदा डोळ्यांना बरा वाटतो, पण ऊन तोवर काच ओलांडून घरात आलेलं असतं.

चौकावर काच घालून तो 'हॉल' करण्याची एक टूम सध्या आहे. तिच्या विरोधात मी आहे, स्पष्टच सांगतो. चौक ही वाड्याची नाकपुडी आहे. चारही खोल्यांची गरम हवा तिथून वर जाते, रात्रीचा गारवा तिथून खाली उतरतो. तो बंद केलात की ओसरीपासून माजघरापर्यंत सगळ्या खोल्या गुदमरतात. आमच्या साण्याचंच उदाहरण, फक्त वीसपट मोठं.

आता जुन्या घराकडे वळू. काचवाल्याला बोलावण्याच्या आधी त्याची तपासणी व्हायला हवी. माळवदाचं वजन किती असतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. तुळया, त्यांवर आडवी लाकडं, पालापाचोळ्याचा थर आणि वर फूटभर माती. एका चौरस मीटरवर सुमारे पाचशे किलो. दरवर्षी मृगाच्या आधी वर नवी पांढरी माती टाकत गेलं आणि जुनी कधी उतरवलीच नाही, तर हा थर दोन फुटांवरही जातो. त्या मानाने काच हलकी. सहा मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये हवा ठेवून केलेली दुहेरी काच चौरस मीटरला तीस किलो भरते. बारा फूट रुंद आणि सात फूट उंच अशी काचेची अख्खी भिंत पावणेतीन क्विंटलच्या आत उभी राहते, चौकटीसकट थोडी जास्त. तेव्हा वजनाची काळजी नको. काळजी स्वभावाची. जुनं घर ऋतूंबरोबर हलतं, लाकूड फुगतं, माती बसते, भिंत केसभर झुकते. काच वाकत नाही, तडकते.

आणि जुनं घर किती हलू शकतं, हे मराठवाड्याला सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव झोपलेलं, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः भिंतींखाली आणि मातीच्या छतांखाली. तिथल्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, पण बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिखल आणि चिपा. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नव्हता. तुमच्याही घराची भिंत अशीच असण्याचा संभव मोठा आहे. एखाद्या कोनाड्याच्या कडेला गिलावा खरवडून पाहा, कळेल. भूकंपानंतर जी दुरुस्तीची पद्धत आली तिच्यात दर चार फुटांवर आडवं आणि दर दोन फुटांवर उभं असं अंतर धरून भिंतीला आरपार बांध दिले जातात. काचेवर पैसे घालण्याआधी निदान जिथे नवीन खोली येणार त्या भिंतीचं हे काम करून घ्या.

माळवदाचा भार कशावर आहे, हेही बघा. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत भार खांबांवर असतो, भिंत नुसता आडोसा. पण सगळ्या घरांत तसं नाही, आणि काही ठिकाणी भिंतीत लपलेला खांब खालून वाळवीने पोखरलेला असतो. तळखड्यावर उभा असलेला खांब सहसा शाबूत राहतो, जमिनीत गाडलेला जातो. हातोडीच्या दांड्याने खांबाच्या बुडाशी ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर काचेचा विषय सहा महिने पुढे ढकला.

मागची भिंत फोडून दहा फुटांचं भगदाड पाडायचं, जुनी आणि नवीन खोली एक करायची, हे फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात जुनं परसदार आहे तसं ठेवा. सागवानी चौकट, खाली घासून गुळगुळीत झालेला उंबरा, वाकून जावं लागणारी कमी उंची. त्या दारातून वाकून बाहेर पडायचं आणि समोर एकदम उजेड. हा अनुभव भगदाडातून मिळत नाही, आणि भिंतही वाचते. रुंदी वाढवणं भागच असेल तर आधी दोन्ही बाजूंनी धिरे द्या, भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक गर्डर बसवून मगच मधले दगड काढा, आणि खोलीच्या कोपऱ्यापासून निदान चार फूट सोडून काढा.

बाहेरच्या पायाबद्दल. बिडकीनची माती काळी. उन्हाळ्यात तिच्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगून वर येते. जुन्या घराचा पाया शंभर वर्षांत बसायचा तेवढा बसलेला आहे, नवा पाया आता बसणार. दोन्ही सिमेंटने एकजीव केले तर तडा ठरलेला. म्हणून काळी माती पूर्ण काढून मुरुमापर्यंत जा, जुन्या जोत्याच्या खाली मात्र खणू नका. जोत्यापासून दोन-तीन फूट सरकून नवीन खांबांचे खड्डे घ्या आणि वरची चौकट तेवढी भिंतीकडे पुढे काढा. नवी लोखंडी चौकट जुन्या भिंतीवर एक किलोचाही भार टाकणार नाही, असं अभियंत्याकडून लिहूनच घ्या.

मग जुनी भिंत आणि नवी चौकट यांच्यात बोटभर-दोन बोटं फट राहते. सगळ्यात जास्त डोकं इथे चालवावं लागतं, आणि बहुतेक कामं इथेच बिघडतात. दगड-मातीची भिंत ओळंब्यात नसते. वरपासून खालपर्यंत दोन-तीन इंचांचा फरक सहज निघतो. काचवाला ती फट सिमेंटने भरून टाकतो, कारण त्याला सरळ रेघ हवी असते. भरू देऊ नका. फटीत रबराची पट्टी आणि वर लवचिक सिलिकॉन. आणि छपराच्या बाजूने भिंतीत खाच घेऊन तिच्यात पत्र्याची पट्टी अडकवा, ती फटीवरून खाली वळवा, खाच चुन्याने बुजवा. सिलिकॉन दहा वर्षांनी बदलावं लागलं तरी पत्रा पाणी आत येऊ देणार नाही. भिंतीला तिथे सिमेंटचा गिलावा केलात तर आतली ओल अडकेल, दोन पावसाळ्यांत लोणा धरेल आणि भिंतीचा पापुद्रा नव्या खोलीच्या फरशीवर गळत राहील.

माळवदाची पन्हळं कुठे पडतात ते पाहिल्याशिवाय नवीन छपराची जागा ठरवू नका. पांढऱ्या मातीचं पाणी काचेवर आलं तर प्रत्येक सरीनंतर काच ताकात बुडवल्यासारखी दिसेल. शिवाय नव्या छपराचं पाणी जुन्या भिंतीच्या बुडाशी उडता कामा नये, त्याला स्वतःची पन्हळ आणि उतार द्या. वर्षाला एकदा माणसं माती टाकायला माळवदावर चढणार आहेत, त्यांच्या शिडीलाही जागा ठेवा. वानरांचा विसर पडू देऊ नका. ती तुमच्या वास्तुविशारदाच्या आराखड्यात नसतात, छपरावर मात्र नक्की असतात.

काच कोणती घ्यायची? दुकानात रंग, चकाकी, आरसा असं बरंच दाखवतील. तुम्ही एसएचजीसी किती, एवढाच आकडा विचारा. काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते, ते हा आकडा सांगतो. साध्या सहा मिलिमीटरच्या काचेचा तो ०.८ च्या आसपास असतो, म्हणजे दहातले आठ हिस्से उष्णता घरात. लेप दिलेल्या चांगल्या दुहेरी काचेचा ०.३ पर्यंत खाली येतो. हा आकडा ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून काच घेऊ नका.

दारात, माणसाचा धक्का लागेल अशा ठिकाणी टफन्ड काच हवी, कोपऱ्यात आयएस २५५३ ची खूण बघून घ्या. डोक्यावर जी थोडी काच असेल ती लॅमिनेटेडच, म्हणजे दोन काचांमध्ये चिकट पडदा असलेली. फुटली तरी ती जागेवर लटकून राहते, अंगावर पडत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचं कारण समजावून सांगावं लागणार नाही. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, हे लक्षात असू द्या. म्हणून चौकट उभी राहिल्यावरच मापं घ्यायची, तीही वर, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी. कागदावरच्या मापाने काच मागवली आणि ती अर्धा इंच मोठी निघाली, तर ती परसात गोठ्याला टेकून उभी राहील.

काचेच्या निदान एक तृतीयांश भागाला उघडणारी झडप असावी, खाली एक आणि वर एक. वारा नसतानाही गरम हवा वरून निघून खालून गार हवा येते. आणि पुसण्यासाठी बोअरचं पाणी वापरत असाल तर लगेच कोरडं करा. आपल्याकडच्या पाण्याचे क्षार काचेवर वाळले की पांढरे ठिपके पडतात, मग लिंबू चोळत बसावं लागतं. पैठण रस्त्याच्या टिप्परांची धूळ आहेच, आठवड्याला एक हात मारावा लागेल ही तयारी ठेवा. पाखरं आदळू नयेत म्हणून काचेवर बाहेरून ठिपक्यांची रांगोळीसारखी नक्षी चिकटवली तर शोभाही होते.

नवीन खोली जुन्यासारखी दिसावी म्हणून फायबरच्या महिरपी आणि नक्षीचे खोटे खांब लावण्याचा मोह आवरा. जुन्यात भर घातली तर ती भर म्हणून ओळखू यावी, हे तत्त्व वास्तू जतन करणाऱ्यांनी १९६४ च्या व्हेनिस सनदेत लिहून ठेवलं. पॅरिसमध्ये लूव्ह्रच्या अंगणात आय. एम. पेई यांनी १९८९ साली काचेचा पिरॅमिड उभारला तेव्हा आरडाओरडा झाला होता. पण तो पिरॅमिड राजवाड्याच्या एकाही भिंतीला शिवत नाही. उद्या उचलून नेला तरी राजवाडा होता तसाच राहील. तुमच्या परसातल्या खोलीला हाच निकष लावा.

कागदपत्रांचं थोडक्यात. घर गावठाणात आहे की औद्योगिक क्षेत्राच्या किंवा नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत, यावर परवानगी कुणाकडून घ्यायची ते ठरतं, म्हणून आधी ते लेखी विचारा. नमुना ८ वर आणि स्वामित्व योजनेतल्या मालमत्ता पत्रकावर कुणाकुणाची नावं आहेत ती वाचा. वाटणी तोंडी झालेली असेल तर चुलत्यांची संमती सहीनिशी घ्या. सामाईक भिंतीला हात लावताना शेजाऱ्याचीही घ्या. काचेचं तोंड शेजारच्या न्हाणीकडे येणार नाही एवढं तारतम्य कायद्याने नाही सांगितलं तरी पाळावं. पैठणसारख्या गावात असाल तर केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी बंधनकारक आहे, हेही तपासा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळत नसेल तर छत्रपती संभाजीनगरात वारसा जतनाचं काम करणाऱ्या इंटॅकची शाखा आहे, तिथे चौकशी करा.

दिवाळीनंतर खड्डे घ्या, संक्रांतीपर्यंत चौकट, होळीपर्यंत काच, मृगाच्या आधी फटींचं काम पूर्ण. पहिल्या मोठ्या पावसात मिस्त्रींचं शेवटचं बिल थांबवून ठेवा आणि फटीखाली उभे राहा.

आणि काच मागवण्याच्या आधी, येत्या मेमध्ये, खोली जिथे होणार त्या जागी दुपारी तीन वाजता खुर्ची टाकून अर्धा तास बसा. बसवलं नाही, तर त्या बाजूला भिंतच घाला.